लोखंड, सोमल आणि आपली काळी जमीन

सोमल हे विष शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. आर्सेनिक या मूलद्रव्याचे ते ऑक्साइड होय. पूर्वी परदेशांत कपाशीवर कॅल्शियम आर्सेनेट व फळबागांत शिशाचे आर्सेनेट कीडनाशक म्हणून धुरळीत वा फवारीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधे आली आणि त्यांचा वापर मागे पडला. परंतु आर्सेनिक मूलद्रव्य असल्याने ते कुजून नाहीसे होत नाही. जमिनीत पडले की ते कोणाच्या तरी आश्रयाने राहते, व हा आश्रय बहुधा लोखंडाचा असतो.

हे कसे घडते ते पिटिसाइट या खनिजावरून ध्यानात येते. आर्सेनोपायराइट या धातुपाषाणात लोखंड, आर्सेनिक व गंधक एकत्र असतात. खाणीत किंवा तिच्या ढिगाऱ्यात त्यास हवा व पाणी लागले म्हणजे गंधकापासून आम्ल तयार होते, लोखंड व आर्सेनिक त्यात विरघळतात आणि पाणी ओघळता ओघळता दोहोंचा एकत्र साका बसतो. हा साका पिवळसर ते काळपट तपकिरी व राळेसारखा चकचकीत दिसतो. डांबर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. खडीसाखरेच्या खड्यात कणांची जशी नियमित मांडणी असते तशी यात नसते, म्हणून तो अस्फटिक. त्यातील पाणी व गंधक यांचे प्रमाणही ठरलेले नसते. स्कोरोडाइट हा त्याचा स्फटिकमय भाऊबंद; त्याच्या मानाने अस्फटिक लोह-आर्सेनेट पाण्यात पुष्कळच अधिक विरघळते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जमीन मुख्यतः बसाल्ट खडकापासून झालेली, तर तापीकाठी खोल गाळाची आहे. तेव्हा पिटिसाइट येथे शोधीत बसण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या स्वभावातील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. असे लोह-आर्सेनेट आम्लधर्मी जागीच टिकते. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त व अल्कधर्मी. तेथे ते फुटते, लोखंडाचा तांबेरा मागे राहतो व आर्सेनिक त्याच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून असते. ही पकड सैल होण्यास दोन गोष्टी पुरतात. स्फुरदयुक्त खत आर्सेनिकाची जागा घेऊन त्यास बाहेर ढकलते. आणि पाणी साचून हवा कोंडली की तांबेराच विरघळतो व धरलेले आर्सेनिक सोडून देतो.

म्हणून जुनी, ओळख न पटणारी विषारी भुकटी घरात सापडल्यास ती विहिरीजवळ, नाल्यात किंवा पाणथळ बांधात पुरू नये. ‘मातीत गेले म्हणजे संपले’ ही समजूत ग्रामसेवकांनी आवर्जून दूर करावी.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडातील अंबागड चौकी भागात कौडीकसा येथील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथील खडक आपल्याहून निराळा आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु असल्या पाण्यास रंग, वास वा चव नसते, हे तेथूनही शिकावे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक असू नये. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पाणी उकळून भागत नाही. उलट पाणी आटते आणि विष तेवढेच राहते.