बुकार्दोचा कान आणि पिसदुऱ्याचे शेण

२००६ साली ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘प्रीहिस्टॉरिक पार्क’ नावाची सहा भागांची मालिका दाखवली गेली. वन्यजीवनावरील कार्यक्रमांचा सूत्रधार नायजेल मार्व्हेन एका दारातून थेट भूतकाळात शिरतो, नामशेष झालेले प्राणी पकडतो आणि आजच्या जगातल्या अभयारण्यात आणून सोडतो, एवढेच तिचे कथासूत्र. मालिका मुलांसाठी असली तरी तिच्यात एक जागा चांगली आहे. आणलेल्या मॅमथ मादीला सोबत हवी म्हणून तिला शेवटी हत्तींच्या कळपात सोडावे लागते. दार आणि सोबत, या दोन्ही गोष्टींची येथे थोडी चौकशी करायची आहे.

दाराचे आधी उरकून घेऊ. काळात पुढे जाणे शक्य आहे, आणि ते मोजलेही गेले आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आण्विक घड्याळे घेऊन प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतल्यावर ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून काही अब्जांश सेकंदांनी मागेपुढे झालेली आढळली, अगदी आइन्स्टाइनच्या गणिताला धरून. मागे जाण्याची गोष्ट निराळी. १९४९ साली कुर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असे एक विश्व उभे केले, की जिथे प्रवासी स्वतःच्या भूतकाळात पोहोचू शकेल. पण ते विश्व सगळेच्या सगळे स्वतःभोवती फिरणारे, आणि आपले तसे दिसत नाही. १९९२ साली स्टीफन हॉकिंग यांनी निसर्गनियमच असा प्रवास होऊ देत नसावेत, असा तर्क मांडला. तो सिद्ध झालेला नाही, पण डायनोसॉर आणण्यासाठी त्या दारापाशी रांग लावण्यात अर्थ नाही.

दुसरे दार डीएनएचे. ‘जुरासिक पार्क’ने राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनोसॉरचे रक्त काढले. प्रत्यक्षात डीएनए इतका टिकत नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याची १५८ हाडे तपासून २०१२ साली संशोधकांनी हिशेब मांडला: त्या हाडांतल्या डीएनएचे निम्मे दुवे साधारण ५२१ वर्षांत तुटतात. थंडीत हा वेग मंदावतो, तरी डायनोसॉर संपून ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचता आला, तो २०२१ साली. ग्रीनलँडच्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा, २०२२ साली. म्हणजे हे दार हिमयुगापर्यंत किलकिले होते, त्यापलीकडे भिंत.

किलकिल्या दारातून खरोखर आत आलेला प्राणी आजवर एकच म्हणता येईल. स्पेनच्या पिरेनीज पर्वतात आयबेक्स जातीची एक रानशेळी असे. तिकडचे लोक तिला बुकार्दो म्हणत. शिकारीने तिची संख्या घटत घटत १९९९ साली एकच मादी उरली, सेलिया. तिला पकडून कानाचा लहानसा तुकडा घेतला, गळ्यात रेडिओपट्टा बांधला आणि सोडून दिले. ६ जानेवारी २००० रोजी ती झाड अंगावर पडून मेलेली सापडली. कानाच्या पेशी मात्र द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या होत्या. शेळीच्या अंडपेशीतले केंद्रक काढून तिथे सेलियाच्या पेशीचे केंद्रक बसवायचे आणि तो गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटी वाढवायचा, ही डॉली मेंढीची रीत. अनेक गर्भ वाया गेल्यावर ३० जुलै २००३ रोजी एक पिल्लू जन्मले. फुप्फुसात दोष होता. श्वास घेता येईना. काही मिनिटांत ते गेले. एका जातीचे नाव नामशेषांच्या यादीतून तेवढ्या मिनिटांपुरते पुसले गेले, आणि पुन्हा लिहावे लागले.

पण समजा, पिल्लू जगले असते. पेशी सेलियाच्या, म्हणून तेही मादीच. पुढचीही, त्यापुढचीही मादीच. बुकार्दोचा नर कोणी गोठवून ठेवलेला नव्हता. ते पिल्लू मोठे होऊन दुसरी सेलियाच झाले असते, तितकेच एकटे.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील कोलोसल या कंपनीने ‘डायर वुल्फ’ परत आणल्याचे जाहीर केले, त्याचा गाजावाजा वाचकांना आठवत असेल. राखाडी लांडग्याच्या पेशीतील १४ जनुकांत २० बदल केले आणि पिल्ले पाळीव कुत्रीच्या पोटी वाढवली. अनेक जीवशास्त्रज्ञांनी हे राखाडी लांडगेच असल्याचे म्हटले, आणि मलाही ते पटते. याच कंपनीला मॅमथही हवा आहे. रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ सुमारे ४००० वर्षांपूर्वीपर्यंत हयात होते, म्हणजे आपल्याकडे हडप्पाची शहरे नांदत होती तेव्हा. पण तो वाढवायचा, तर आशियाई हत्तिणीसारख्या मादीचे पोट लागेल आणि तिचे जवळजवळ २२ महिने. ही जातच धोक्यात आहे. प्रयोग फसत गेले, तर अशा किती हत्तिणींचे किती महिने जातील, हे कंपनीच्या चित्रफितीत दिसत नाही.

राहिला प्रश्न खाण्याचा. त्या मालिकेत टायटनोसॉरही आहेत. त्यांना चारणार काय? याचे उत्तर शोधायला आपल्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यापर्यंतच जावे लागते. वरोऱ्याकडच्या या गावाच्या शिवारात दगड झालेल्या शेणाचे गोळे सापडतात. नागपूरला ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, त्या पाद्री हिस्लॉप यांच्या काळापासून अभ्यासकांना हे ठिकाण ठाऊक आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गवताच्या पानात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते उरतात आणि आकारावरून गवताचे कूळ ओळखता येते. गोळ्यांत ताड आणि सूचिपर्णी झाडांच्या खुणांबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. त्यांत भाताच्या गणगोतातलेही. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून येईपर्यंत डायनोसॉरच्या काळी अशी विविध गवते असतील, असे फारसे कोणी मानत नव्हते.

कोणतेही दार न उघडता एका जेवणाची बातमी साडेसहा कोटी वर्षे ओलांडून आली, तीही शेणातून. गवत डायनोसॉरनंतरचे समजून काढलेली कितीतरी चित्रे त्यामुळे चुकीची ठरली. पिसदुऱ्याच्या शिवारात असे गोळे नांगराच्या तासात अजूनही वर येतात.