बाराचा रकाना

पहाटे ५.३०

ओसरीवरच्या बाजेवर आप्पा अजून झोपलेत. वाकळ डोक्यावरून ओढलेली, पाय पोटाशी. मी गॅसवर चहाचं आधण ठेवतो आणि भांड्यांचा आवाज होऊ देत नाही. वडिलांना पहाटे असं गाढ झोपलेलं बघायची या घराला सवय नव्हती. चाळीसएक वर्षं त्यांनी रात्रीची दारं धरली. लाईट साडेबाराला आली की साडेबाराला उठायचं, खोरं खांद्यावर टाकायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. माघाच्या थंडीत उसाच्या सरीतल्या पाण्यात तासभर उभं राहिलं की पाय बधिर होतात. धाकट्या चुलत्यांना घोणस चावली ती अशाच एका रात्री. काहीतरी टोचलं एवढंच त्यांना वाटलं, आणि ते तसेच पुढचा वाफा फोडायला गेले. वाचले, पण पायाची दोन बोटं गेली. अलीकडे उसात बिबट्याचीही धास्ती असते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. ओढा ओलांडला की बारामतीची हद्द लागते. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात १८८५ पासून आहे, पण आम्ही कालव्याच्या टेलला. पाटाच्या पाळीचा भरवसा नसतो, म्हणून विहीर आणि मोटार. रानं दोन: खालच्यात ऊस, वरच्यात डाळिंब. दोन्ही मोटारी वेगवेगळ्या फिडरवर आहेत. खालच्या रानाचा फिडर आता सोलरवर आलाय, म्हणून आज आप्पा झोपलेत. वरच्या रानाचं रात्री सांगतो.

सकाळी ७.१५

उपकेंद्राकडे निघालो. मी तिथं यंत्रचालक आहे, गावाच्या तोंडी ऑपरेटर. रस्ताभर भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेली उसाची वाहनं. आमच्याकडे स्वच्छ ऊर्जा ही काही काल आलेली गोष्ट नाही. माळेगाव आणि सोमेश्वरनगरला कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात आणि उरलेली ग्रीडला देतात. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळच्या जिरायत माळावर महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला त्याला दशक उलटलं. तेव्हा आम्ही मित्र तो बघायला गेलो होतो. एवढी वीज इथं तयार होते आणि शेजारच्या शेतकऱ्याची मोटार मात्र रात्री चालते, हे कोडं परत येताना कुणालाच सुटलं नव्हतं. ते सुटायला मला ही नोकरी लागली.

सकाळी ८.००

रात्रपाळीच्या सहकाऱ्याकडून चार्ज घेतला. ट्रान्सफॉर्मरचं तेल, तापमान, बॅटऱ्या, ब्रेकर बघितले आणि लॉगशीटवर सही केली. लॉगशीट म्हणजे चोवीस रकान्यांचा मोठा कागद. दर तासाला प्रत्येक फिडरचे अँपिअर लिहायचे, व्होल्टेज लिहायचं. आमच्याकडे ३३ केव्हीची लाईन येते आणि ११ केव्हीचे पाच फिडर निघतात. एक गावठाणाचा, चार शेतीचे.

रात्रीच्या विजेचं कोडं या रकान्यांतच आहे. कोळशावरचा संच दिव्यासारखा मालवता येत नाही. लोड कमी झाला तरी तो साधारण ५५ टक्क्यांच्या खाली सहसा उतरवत नाहीत, आणि पूर्ण बंद केला तर पुन्हा तापवायला वेळ आणि तेल दोन्ही जातं. दिवसा कारखाने, कचेऱ्या, शहरं वीज ओढतात. मध्यरात्री ती झोपतात, पण संच चालूच ठेवावा लागतो. मग ती उरलेली वीज घ्यायची कुणी? शेतीच्या मोटारींनी. राज्यभर शेतीच्या थ्री फेजचं वेळापत्रक असं काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री फिरत राहिलं, त्यामागं हे मोठं कारण होतं. ग्रीडचा समतोल राखायला रात्री दोन वाजता एक माणूस चिखलात उभा राहत होता, आणि आमच्या कागदावर त्याची नोंद ‘शेती फिडर, इतके अँपिअर’ एवढीच व्हायची.

आता दिवसा उन्हाची वीज भरपूर येऊ लागली आणि उरलेल्या विजेची वेळच बदलली. जी वीज मध्यरात्री उरायची ती भर दुपारी उरते. माझ्या लेखी शेतीच्या सौर योजनांचं मर्म एवढंच आहे, आणि ते मी गावात भेटेल त्याला सांगत असतो.

सकाळी ९.००

सोलरवरचे दोन शेती फिडर चालू केले. लगेच फोन. “ऑपरेटर, आमच्या डीपीवर दोनच फेज आहेत.” “अण्णा, आज पाचपर्यंत राहील ना लाईट? मजूर बोलावलेत.” दुसऱ्या फोनचा मला फार आनंद होतो. लाईटच्या वेळेवर मजूर ठरवता येतो, खत सोडता येतं, शाळेत निघालेल्या पोराला पाणी धरायला थांबवावं लागत नाही. पाच एचपीची मोटार तासाला पावणेचार युनिटच्या आसपास घेते. आठ तासांची तीस युनिट झाली. पण त्या तीस युनिटांपेक्षा ती कुठल्या आठ तासांत मिळाली, याची किंमत शेतकऱ्याच्या घरात जास्त.

सकाळी १०.००

ऊन चढलं. उपकेंद्राच्या कुंपणापलीकडच्या सौर प्लांटवर पोरं पॅनेल धुतायत. धूळ बसली की वीज घटते, आणि उसाच्या हंगामात आमच्याकडे धुळीला तोटा नसतो.

या प्लांटमागच्या योजनेचा हिशेब असा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि अगदी पहिल्या प्रयोगांत राळेगणसिद्धीचं नाव होतं. वेग आला तो २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात. शेतीच्या फिडरला वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळच, पाच-दहा किलोमीटरच्या आत, अर्ध्या मेगावॉटपासून पंचवीस मेगावॉटपर्यंतचे प्लांट. जागा सरकारी असेल तर उत्तम. खासगी असेल तर शेतकऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख. केंद्राकडून पीएम-कुसुममधून मेगावॉटमागे १.०५ कोटींपर्यंत मदत. ५ ऑक्टोबर २०२४ ला या टप्प्यातल्या पहिल्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, सगळे मिळून १९ मेगावॉट. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं धोंदलगाव त्यात होतं. उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. १९ आणि १६ हजार शेजारी मांडले की तेव्हा किती चालायचं होतं ते दिसतं.

ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांना पडते आणि उपकेंद्राच्या दारातच येते. लांबून आणताना तारांत जी गळती होते तीही वाचते. आधी आमची फिडरच्या टोकाची विहीर व्होल्टेजला कायम तरसायची. मोटार नुसती गुरगुरायची, वाइंडिंग जळायचं. दिवसा आता तो त्रास उरला नाही.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. हा प्लांट गायरानावर आहे. मेगावॉटला चार-पाच एकर म्हटलं तर केवढी जागा कुंपणात गेली ते समजावं. या माळावर धनगरांची मेंढरं चरायची. आमच्या वाटेवरचे एक मेंढपाळ मामा आता तारेच्या बाहेरून वळसा घालून जातात. “सूर्याला जागा दिली ती बरी केली, पण मेंढरानं कुठं जावं?” असं त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅनेल माणसाच्या कमरेच्या वर उचलली तर खाली गवत वाढतं आणि मेंढी ते निवांत खाते. गवत कापायची मजुरीही वाचते. जागा ठरवताना आधी सरपंचांनी आणि कंत्राटदारानं मेंढपाळाला ग्रामसभेत बसवून विचारलं पाहिजे. पाच लाख पंचायतीला मिळतात आणि वाट मात्र मामांची जाते. याला मी न्याय म्हणणार नाही, योजना कितीही आवडती असली तरी.

सकाळी ११.५०

खाड्कन आवाज. एक फिडर ट्रिप.

जनमित्राला फोन लावला. गावात अजून त्याला वायरमनच म्हणतात. पंधरा मिनिटांत शोध लागला: कलिंगडाच्या रानातला मल्चिंगचा कागद वावटळीत उडून तारांवर गुंडाळला होता. त्यानं परमिट मागितलं. मी ब्रेकर बाहेर ओढला, अर्थिंग केलं, वहीत वेळ लिहिली, नाव लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यानं पलीकडून तेच परत म्हटलं. तो वर असताना मी जागेवरून हलत नाही. पाणीसुद्धा प्यायला उठत नाही. परमिट परत येईपर्यंत तो माणूस माझ्या जबाबदारीवर असतो, आणि सोलर आल्यापासून ही जबाबदारी वाढलीय. पूर्वी वीज एकाच बाजूनं यायची, आता दोन बाजूंनी येते. लाईन बंद झाली की प्लांटचे इन्व्हर्टर आपोआप थांबतात, तशी रचनाच आहे. तरी आम्ही दोन्हीकडून बंद असल्याची खात्री केल्याशिवाय कुणाला खांबावर चढू देत नाही.

साडेबाराला फिडर चालू.

दुपारी १.००

डबा उघडला. भाकरी, हरभऱ्याची भाजी, लसणाची चटणी. समोर आजचा कागद. बाराच्या रकान्यात या फिडरला भोपळा पडला, ट्रिपमुळे. कालचा कागद काढून बघितला. काल बाराला चोवीस तासांतला सगळ्यात मोठा आकडा होता. कपाटात जुने कागद बांधून ठेवलेत. त्यांत रात्रपाळीच्या आठवड्यात हाच आकडा दोनच्या रकान्यात असायचा. मी ते दोन कागद शेजारी ठेवून एकदा आप्पांना दाखवले होते. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. दोनच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं मी हाय.”

पावसाळ्यात चित्र उलटं होतं. मोटारी बंद आणि ऊन मधूनच कडक. अशा वेळी प्लांटची वीज इथं खपत नाही. ती आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर ३३ केव्हीला चढते. वीज खालून वर जाईल असा विचार हे जाळं बांधणाऱ्यांनी केला नव्हता. १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झालं तेव्हापासून वीजघरातून गावाकडे अशी एकच दिशा गृहीत होती. आता मीटर दोन्ही बाजूंनी मोजणारे लागतात, रिले नव्यानं बसवावे लागतात, ढग आला की व्होल्टेज सांभाळावं लागतं. पॅनेलचं उद्घाटन होतं, रिलेचं कुणी करत नाही. पण पैसा आणि शिकलेली माणसं या कामाला लागली नाहीत, तर पॅनेल नुसती उन्हात तापत बसतील.

दुपारी २.३०

कामाच्या निमित्तानं आलेल्या दोघातिघांशी बोलणं. एका मावशींना ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ हवा होता. सर्वसाधारण गटाला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. जिथं खांब पोचले नाहीत तिथं हाच मार्ग बरा. दुसऱ्यांना स्मार्ट मीटरची भीती. त्यांना सांगितलं की जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते पाच दरम्यानच्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते आणि ती मोजायला तासातासाची नोंद ठेवणारा मीटर लागतो. पटलं की नाही, कुणास ठाऊक.

दुपारी ४.००

चार्ज दिला. शेती फिडर पाचला बंद होतील आणि सहाला खरी कसोटी सुरू होईल. ऊन उतरतं त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, गिरण्या. तासाभरात राज्यभरातली सौरवीज शून्यावर येते. ती जागा भरायला ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून हुकूम सुटतात आणि कोयनेचं पाणी बोगद्यांतून धावतं. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प उरलेल्या विजेनं पाणी वर चढवतो आणि गरजेला खाली सोडतो. असे आणखी प्रकल्प आणि बॅटऱ्या उभ्या राहिल्या तर दुपारचं ऊन रात्रीसाठी साठवता येईल. तोवर संध्याकाळ महागच राहणार.

संध्याकाळी ५.१५

खालच्या रानात आप्पा बांधावर बसलेत. सगळ्या सऱ्या भिजल्यात. पायाला चिखल आहे, पण तो वाळलेला, उन्हातला. त्यांनी एक वाफा फुटला होता तो उजेडात दिसला म्हणून वेळेवर बांधला, हे मला दोनदा सांगितलं.

रात्री १२.३०

वरच्या रानाचा फिडर अजून जुन्याच वेळापत्रकावर आहे. या आठवड्यात त्याची रात्रीची पाळी. आप्पा उठून बसले होते, त्यांना परत झोपवलं. धाकट्या भावानं खोरं घेतलं, मी बॅटरी आणि काठी. ओढ्याच्या वाटेवर दोघंही मोठ्यानं बोलत गेलो, जनावराला चाहूल लागावी म्हणून.

पेटीवर तिन्ही दिवे लागलेले दिसले. धाकट्यानं स्टार्टर दाबला. विहिरीतून पाणी चढून डाळिंबाच्या पहिल्या ओळीला पोचायला सात मिनिटं लागतात. आम्ही पाईपपाशी बॅटरी धरून उभे राहिलो.