ओढ्याकाठची शिंदी

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या ओढ्यांच्या काठाने दिसणारे हे झाड खजुराचे रानटी भावंड. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. उंची १० ते १५ मीटर. खोडावर गळलेल्या झावळ्यांच्या देठांचे खवले, देठाच्या बुडाशी सुईसारखे काटे. लक्ष्मीपूजनाला पुजली जाणारी केरसुणी शिंदीच्याच पातींची, आणि ती बांधण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे. फळ पिवळे-तांबूस. त्यात गर नावालाच, बाकी सगळी आठोळी. पोरे तरीही खातात.

खजुरासारखी फुटव्यांवरून लावायची सोय इथे जवळपास नाही, म्हणून रोप बियांपासूनच. पिकून पडलेली फळे वेचा, गर धुऊन टाका, बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून बोटभर खोल लावा. पिशवी उंच घ्या. कारण बीमधून निघालेला पांढरा कोंब आधी सरळ खाली शिरतो आणि पहिले पान बीपासून जरा दूर, गवताच्या पात्यासारखे, अखंड वर येते. झावळीचे रूप बऱ्याच पुढच्या पानांना. दोन-तीन महिने काहीच दिसले नाही, तरी पिशवी उकरून पाहू नये. रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे, ऊन भरपूर हवे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते.

नर-मादी झाडे वेगळी आणि तुरा आल्याशिवाय ओळखू येत नाहीत. फळे हवी असतील तर चार-पाच रोपे लावा. नीरा किंवा ताडीसाठी झाड छेदायला मात्र परवाना लागतो.