इतिहासात बीए करायचंय? आधी वेळेचा हिशेब मांडू या

जून-जुलैच्या बैठकांत हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की कोणीतरी हमखास विचारते, "ताई, माझी बारावी झाली आहे. आता बीए होईल का?" कोणता विषय घेणार म्हटलं, की बहुतेक जणी इतिहास सांगतात. विषय मराठीतून शिकता येतो, प्रयोगशाळा लागत नाही, आणि शिवाजी महाराजांपासून बाबासाहेबांपर्यंतची ओळख घरातच झालेली असते. ठीक आहे. पण आज मी इतिहास किती छान आहे हे सांगत बसणार नाही. घर, काम आणि गट सांभाळणाऱ्या बाईने तीन वर्षांचा अभ्यास आधी कागदावर कसा मांडायचा, तेवढंच बोलणार आहे. कारण घरातून शिकायची परवानगी बहुधा एकदाच मिळते. पहिल्याच वर्षी विषय राहिले, फी गेली, की दुसऱ्यांदा विषय काढायची सोय उरत नाही. गटागटांत हे मी पाहिलं आहे.

ज्यांची दहावीच झाली आहे त्यांनी आधी १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी करायची. त्यावर वेगळा कार्यक्रम करू.

बाकीच्यांनी मांडणी शेवटापासून सुरू करा. पदवी कशाला हवी आहे? एमपीएससीची राज्यसेवा द्यायची असेल, तर कोणत्याही विषयाची पदवी चालते, पण वयाची अट आहे: खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं. खुल्या प्रवर्गातली ३४ वर्षांची बाई आज प्रवेश घेत असेल, तर पदवी हाती येईपर्यंत ती ३७ ची होते. तिच्याकडे एक वर्षही वाया घालवायला नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच पूर्वपरीक्षा देता येते, हे तिने आतापासून लक्षात ठेवावं. बीएड करून शिक्षिका व्हायचं असेल, तर नुसतं पास होऊन भागत नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे मार्कसुद्धा मोजायचे. आणि ज्या म्हणतात, "मला काही व्हायचं नाही, मुलगी शिकते आहे तर तिच्यासोबत मलाही शिकायचंय", त्यांनी घाई करायची गरजच नाही. त्यांना नवी रचना फार सोयीची आहे.

ती रचना अशी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत आता क्रेडिटवर पदवी मिळते. आपल्याकडे क्रेडिट म्हटलं की बँकेचं कर्ज आठवतं. इथे उलटं आहे, क्रेडिट म्हणजे तुमची बचत. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट जमतात. एका वर्षाची ४० ते ४४ झाली आणि पुढे जमणार नाही असं वाटलं, तर ४ क्रेडिटचा एक कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करून सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं. दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी १२० ते १३२ क्रेडिटची पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. जमलेली क्रेडिटं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावाच्या खात्यावर राहतात, गटाच्या पासबुकासारखी. थांबलात तर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची. सुनेचं बाळंतपण आलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तर पूर्वी शिक्षण तिथेच संपायचं. आता वर्ष पुरं करून थांबलात तर ते वर्ष हातचं जात नाही. मात्र अर्ध्या सेमिस्टरमध्ये सोडलं, तर त्या सेमिस्टरचं काहीच जमा होत नाही. थांबायचंच असेल तर वर्षाच्या काठावर थांबा.

आता वेळ. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास धरतात. २२ क्रेडिट म्हणजे ३३० तास, आणि सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २२ तास नुसते वर्गात. घरचा अभ्यास वेगळा. हा आकडा ऐकून बऱ्याच जणी गप्प होतात. गप्प होऊ नका, वही घ्या आणि सोमवार ते शनिवार तुमचे तास खरेखुरे लिहा. सकाळचे डबे, दुपारचं शिलाईकाम, पाण्याचा टँकर, सगळं. वर्गासाठी रोज साडेतीन-चार तास निघत नसतील, तर रेग्युलर कॉलेज सोडून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करा. १९८९ साली नाशिकला सुरू झालेलं हे विद्यापीठ घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. पुस्तकं स्वतःची स्वतः वाचता येतील अशा मराठीत लिहिलेली असतात आणि रोजची हजेरी नसते. "मुक्तची डिग्री खरी नसते" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीला आणि एमएला तेवढीच धरली जाते. खरी अडचण वेगळीच आहे. तिथे कोणी मागे लागत नाही. ज्या बाईला गटात हप्त्याची आठवण करून द्यावी लागते, तिने एक मैत्रीण सोबत घेतल्याशिवाय मुक्तला प्रवेश घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तास निघाले की वर्षाचं कॅलेंडर काढा. कालनिर्णय चालेल. आपल्याकडे हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा. हिवाळीच्या आधी दसरा-दिवाळी आणि फराळाच्या ऑर्डरी, ग्रामीण भागात त्याच सुमाराला कापसाची वेचणी. उन्हाळीच्या आधी मार्च एंड, गटाचं ऑडिट, बँकेचं लिंकेज, आणि मग लग्नसराई. तुमचा जोराचा महिना कोणता ते लाल पेनाने खुणवा. त्या महिन्यात नवीन धडा घ्यायचा नाही, फक्त उजळणी करायची. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईने पहिल्या सेमिस्टरचं वाचन पितृपंधरवड्यापर्यंत उरकलं, तर दिवाळीनंतर तिला परीक्षा जड जात नाही.

विषय निवडताना इतिहास मेजर ठेवलात, तर सोबत एक मायनर असतो आणि एक ओपन इलेक्टिव्ह. मायनर लगेच निवडायचा की पुढच्या सेमिस्टरला, हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारून घ्या. बीएड डोक्यात असेल तर मायनर शाळेत शिकवला जाणारा विषय हवा, म्हणजे मराठी किंवा भूगोल. एमपीएससीवाल्यांना राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल उपयोगी पडतो, अभ्यास दोनदा करावा लागत नाही. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो, म्हणजे वाणिज्य किंवा विज्ञान. तिथे बायका घाबरतात. अहो, तुम्ही दहा वर्षं रोखपुस्तक आणि खतावणी लिहिताय! कॉलेजात हिशेबाचा किंवा बँकिंगचा पेपर असेल तर तोच घ्या.

इतिहासाच्या पेपरांबद्दल एकच सांगते. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे पेपर वेगवेगळ्या सेमिस्टरला येतात आणि एक झाला की बाई तो विसरते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजू चिकटवून एक लांब पट्टी करा आणि भिंतीला लावा. तिच्यावर आधी नागपूरची सालं टाका. १८१७ सीताबर्डीची लढाई. १८५४ भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८७७ एम्प्रेस मिल. १९२० चं काँग्रेसचं अधिवेशन. १९५६ दीक्षाभूमी. मग पुस्तकातली दिल्ली, कलकत्ता, युरोप या सालांच्या आजूबाजूला लिहीत जा. १८५४ जवळ १८५७ आलं की दोन्ही लक्षात राहतात.

सगळ्यात जास्त नियोजन लागतं ते फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला, आणि नेमकं तेच कोणी आधी सांगत नाही. अशा कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. २ क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे ६० तास. तिसऱ्या वर्षातलं ४ क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे १२० तास, रोज चार तास दिले तरी पूर्ण महिना. कामावर जाणाऱ्या बाईने या महिन्याची सोय वर्षभर आधी लावायला हवी. सुट्ट्या साठवा, शिलाईची ऑर्डर पुढे ढकला, मुलांना मामाकडे पाठवायचं असेल तर तोच महिना धरा. कुठे करता येईल, तर इतिहासवालीने आधी अजब बंगल्यात चौकशी करावी. आपलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे.

प्रोजेक्टचा विषय मात्र घराजवळचा घ्या. वेळ वाचतो, बसभाडं वाचतं, आणि तुमच्याकडे जे आहे ते तरण्या पोरांकडे नाही: वस्तीतलं प्रत्येक दार तुम्हाला उघडतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक अशाच वाटेने केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधल्या, त्यांच्याकडे गेल्या, आठवणी लिहून घेतल्या. १९८९ साली ते छापून आलं. जुलै १९४२ मध्ये इथे नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बायका आल्या होत्या, बाबासाहेब बोलले होते. त्या परिषदेला गेलेल्या आजी आता भेटणं कठीण, पण त्यांच्या लेकी ऐंशीच्या घरात आहेत आणि आईने काय सांगितलं ते त्यांना आठवतं. कामठीच्या स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी पुढे शिकल्या आणि नागपुरात त्यांनी मुलींची शाळा काढली. तुमच्या वस्तीत कोण कोणत्या शाळेत गेली, कोणी का सोडली, एवढं दहा बायकांना विचारून लिहिलंत, तरी ६० तासांचं काम उभं राहतं. विचारायला दुसऱ्या सेमिस्टरपासूनच सुरुवात करा. म्हाताऱ्या माणसांकडे एकदा जाऊन होत नाही. पहिल्या वेळी चहाच होतो.

आता कागदपत्रं. यात सगळ्यात जास्त बायका अडकतात त्या नावापाशी. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. क्रेडिटचं खातं आधारला जोडलेलं असतं, नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते आधी काढा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेटही मागतात. हे सगळं मे महिन्यात करा, जूनमध्ये सेतूवर रांग असते.

रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे तेव्हाच्या नंदिवर्धनला, सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती. नवरा वारला होता, मुलं लहान होती. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यात तिने वंशावळ सासरपासून सुरू केली नाही, वडिलांच्या गुप्त घराण्यापासून केली. तिला कोणी राजपत्र मागितलं नाही! आपल्याला मागतात, म्हणून दोन्ही नावांचे कागद एकाच पिशवीत ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, आणि प्रवेशाला जाताना मूळ प्रती कोणाच्याही हातात देऊन येऊ नका. कॉलेजने ठेवून घेतल्या तर पोचपावती मागा.

कॅलेंडर आणि तासांची वही ज्यांनी भरली असेल, त्यांनी ती पुढच्या बैठकीला घेऊन या. विषय कोणते बसतात ते आपण सोबत बसून पाहू. नमस्कार.