निळ्या झग्यातली मुलगी आणि एका गावाचा चित्रकार

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूजियममध्ये एक व्यक्तिचित्र आहे, ८२ सेंटिमीटर उंच आणि ६६.५ सेंटिमीटर रुंद. फिकट निळ्या झग्यातली एक लहान मुलगी, हाती शहामृगाच्या पिसांचा पंखा, मागे रिकामी करडी भिंत. चित्रावर साल आहे १६४१. चित्रकार योहानेस फेर्स्प्रोंक. हा माणूस हार्लेममध्ये जन्मला, १६३२ मध्ये तिथल्याच सेंट ल्यूकच्या चित्रकार संघात दाखल झाला, तिथल्याच लोकांचे चेहरे रंगवत राहिला आणि १६६२ मध्ये तिथेच वारला. कलेच्या इतिहासात त्याची बोळवण बहुधा एका वाक्यात होते: फ्रान्स हाल्सच्या गावातला दुसऱ्या फळीचा, स्थानिक व्यक्तिचित्रकार. यातला ‘स्थानिक’ हा शब्द खरा आहे. पण त्यातून जी प्रतवारी सुचवली जाते ती मला मान्य नाही. गावाला बांधलेले असणे ही फेर्स्प्रोंकची उणीव नव्हती. त्याच्या कामाचे बळ तिथूनच आले.

मुळात सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये व्यक्तिचित्र हा धंदाच स्थानिक होता. निसर्गचित्र किंवा फुलदाणीचे चित्र काढून बाजारात ठेवता येते, ते कुठलेही गिऱ्हाईक घेऊन जाते. व्यक्तिचित्राचे तसे नाही. ज्याचे चित्र त्याला समोर बसावे लागते, आणि तो मुख्यतः आपल्या गावातल्याच चित्रकाराकडे जातो. याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द हाल्सच्या चरित्रात सापडतो. १६३३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या नागरी रक्षकांनी त्याला मोठ्या समूहचित्राचे काम दिले. हाल्सला अ‍ॅम्स्टरडॅमला खेपा घालणे नको होते आणि रक्षक हार्लेमला यायला तयार नव्हते. दोन शहरांमधले अंतर विसेक किलोमीटर. भांडण चिघळले, काम हाल्सच्या हातून गेले आणि १६३७ मध्ये पीटर कोडे या अ‍ॅम्स्टरडॅमच्या चित्रकाराने ते पुरे केले. ज्याला आपण जगाचा चित्रकार म्हणतो तोही आपल्या वेशीबाहेर जायला नाखूश होता. मग हाल्सला एक माप आणि फेर्स्प्रोंकला दुसरे, असे कसे चालेल?

आता १६४१ सालाकडेच पाहू, कारण निळ्या झग्यातल्या मुलीच्या त्याच वर्षी हार्लेमने स्वतःच या दोघांना शेजारी उभे केले. सेंट एलिझाबेथ रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना आपली समूहचित्रे हवी होती. पुरुष विश्वस्तांनी हाल्सला बोलावले. महिला विश्वस्तांनी मात्र फेर्स्प्रोंककडे काम दिले. हाल्स तेव्हा गावातच होता आणि त्याचे नाव मोठे होते. तरीही या बायकांनी जवळजवळ वीस वर्षांनी लहान असलेला चित्रकार निवडला. कोणी म्हणेल की गुळगुळीत हाताचा, गिऱ्हाइकाला गोड दाखवणारा माणूस त्यांना सोयीचा वाटला असेल. हा आक्षेप चित्रापुढे टिकत नाही. त्या चेहऱ्यांवर वय आहे, हिशेबीपणा आहे, कामाचा दरारा आहे. फेर्स्प्रोंकचा हात गुळगुळीत खरा, पण तो चेहऱ्यातले काही झाकत नाही. हाल्सचा कुंचला धावता, फटकाऱ्यांचा. पाहणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या हातचलाखीकडेच जाते. फेर्स्प्रोंक स्वतःचा हात लपवतो आणि समोरच्या माणसाला पुढे करतो. ज्यांना आपली नोंद राहायला हवी होती त्यांना हे पटले असेल, तर त्यात मला रुचीचा दोष दिसत नाही.

निळ्या झग्याच्या चित्रात हे अगदी जवळून तपासता येते. मुलीचा पोशाख मोठ्या बाईचा आहे, फक्त मापाने लहान केलेला: ताठ चोळी, सोनेरी पट्ट्या, रुंद पांढरी लेसची कॉलर, गळ्यात मोती. प्रत्येक वस्तू वेगळ्या रीतीने उजेड घेते. निळे कापड जिथे वळते तिथे पांढुरके होते आणि घडीत गडद होत जाते. सोनेरी पट्टीवर छोटे, जाडसर ठिपके चमकतात. लेसखालून निळा रंग झिरपल्यासारखा वर येतो. हार्लेम हे कापडाचे शहर होते हे इथे विसरून चालणार नाही. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती गेल्यावर दक्षिणेकडून आलेल्या विणकरांनी इथला धंदा भरभराटीला आणला, आणि गावाबाहेरच्या माळांवर लिननचे ताके उन्हात पसरून पांढरे केले जात. याकोब फान राउसदालच्या हार्लेमच्या देखाव्यांत ते पांढरे पट्टे दूरवर दिसतात. अशा गावात चित्राचे पैसे मोजणारा माणूस कापड ओळखणारा असणार. तिथे लेसचा पोत चुकवून चित्रकार सुटला असता असे मला वाटत नाही. फेर्स्प्रोंकचे बारीक काम हा नुसता हौशी नाजूकपणा नव्हे, जाणत्या गिऱ्हाइकांपुढे रोज द्यावी लागणारी ती परीक्षा होती.

आणि इतक्या थाटामाटातही चेहरा हरवत नाही, हे या चित्राचे खरे यश. मुलगी जरा बुजलेली आहे. ओठ मिटलेले, त्यांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही हे ठरवता येत नाही. पोशाखाने तिच्यावर लादलेले मोठेपण आणि तिचे खरे वय यांतली ओढाताण चित्रकाराने ओळखली आहे आणि दोन्हींपैकी कशाचीही टर उडवलेली नाही. मागची भिंत रिकामी ठेवली आहे ती याचसाठी: पडदा नाही, खांब नाही, खिडकीतला देखावा नाही. नजरेला मुलीशिवाय दुसरीकडे जायला जागाच उरत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. फेर्स्प्रोंककडे ठरलेले साचे होते. तीच खुर्ची, तेच अर्धे वळलेले अंग, तोच करडा उजेड. त्याची वीस चित्रे ओळीने पाहिली तर मांडणीचे नवेपण फारसे सापडत नाही. हे खरे आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण साचा म्हणजे विचारांचा आळस, हे समीकरण मला कच्चे वाटते. ख्यालगायकाला बंदिश ठरलेली असते म्हणून त्याचे गाणे उसने ठरत नाही, फेर्स्प्रोंकचेही तसेच. मांडणी आधीच ठरल्यामुळे त्याचे सगळे लक्ष समोरच्या माणसात काय वेगळे आहे यावर राहिले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याने १६४० मध्ये रंगवलेला आंद्रीस स्टिल्टे हा निशाणधारी आहे: गुलाबी साटिनचा झगमगीत पोशाख, कमरेवर हात. ही ऐटीची ढब त्या काळी सगळेच रंगवत होते. पण या तरुणाचा उघडा, थोडा फुशारलेला आनंद फक्त त्याचाच आहे. १६५८ मध्ये त्याच हाताने ऑगस्टाइन ब्लूमार्ट या कॅथलिक धर्मगुरूचे चित्र काढले. कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी असलेल्या त्या राज्यात फेर्स्प्रोंक स्वतः कॅथलिक होता, आणि प्रोटेस्टंट धनिकही त्याच्याकडे विश्वासाने येत. गावातल्या दोन्ही बाजूंच्या घरांत प्रवेश असलेला चित्रकार त्या गावाचे जे रूप टिपतो, ते बाहेरून आलेल्याला सहसा जमत नाही.

प्रवासानेच चित्रकार मोठा होतो असे मानणाऱ्यांनी त्याच हार्लेमच्या कॉर्नेलिस क्लासझोन हेडाची गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रागमार्गे थेट दख्खनमध्ये पोहोचला आणि १६२२ मध्ये मरेपर्यंत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहिला. त्याचे आयुष्य थक्क करणारे आहे. पण विजापुरात त्याने रंगवलेले काहीही आज समोर ठेवता येत नाही. घरी राहिलेल्या फेर्स्प्रोंकची सुमारे शंभर चित्रे उरली आहेत. हा योगायोग आहे, नियम नव्हे. तरी अंतर म्हणजे उंची नव्हे एवढे त्यातून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थोरे-ब्यूर्गर या फ्रेंच समीक्षकाने हाल्सला पुन्हा वर आणले आणि मोकळ्या फटकाऱ्यांवर प्रेम करणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ते योग्यच झाले. मात्र त्याच चष्म्यातून शांत हाताचे चित्रकार फिके दिसू लागले. फेर्स्प्रोंकच्या कामाचा नीट आढावा घेणारा रूडी एकार्ट यांचा ग्रंथ १९७९ मध्ये आला, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर तीनशे सतरा वर्षांनी. निळ्या झग्यातल्या मुलीचे नाव अजूनही ठाऊक नाही. म्हणून कोणी विचारेल की चित्र हुबेहूब होते हे कशावरून? ते सिद्ध करता येणार नाही. पण चित्र ज्या घरात टांगले गेले त्या घरात ती मुलगी रोज वावरत होती आणि चित्रकार त्याच गावात पुढे एकवीस वर्षे कामे मिळवत राहिला. एवढी साक्ष मला पुरेशी वाटते. हाल्सला पाहायला जगभरचे लोक हार्लेमला जातात. त्यांनी तिथल्याच संग्रहालयात एलिझाबेथ रुग्णालयाच्या त्या बायकांपुढेही तितकाच वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.