अमूल्य जिवाची आकडेमोड : अपघाती मृत्यू आणि नुकसानभरपाई

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने अपघाताच्या नुकसानभरपाईवर कशाला बोलायचे, असे काहींना वाटले असेल. आम्ही वकील नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका प्रसंगामुळे या विषयात आम्हाला डोके घालावे लागले, आणि डोके घातल्यावर लक्षात आले की हा विषय वकिलांचा आहे तेवढाच आमचाही आहे.

प्रसंग साधा आहे. शेजारच्या घरातला तरुण मोटरसायकलवरून घरी येत होता, मागून ट्रकने धडक दिली, तो जागीच गेला. वायरमनचे काम करायचा. मागे बायको, दोन मुलं, आई. तेरावा झाल्यावर एक गृहस्थ स्टॅम्पपेपर घेऊन आले. "तीन लाख रोख देतो, सही करा, कोर्टकचेरीच्या मागे कशाला लागता?" तिने सही केली नाही. आम्हाला बरे वाटले. पण वकिलाकडे जाऊ या म्हटल्यावर ती म्हणाली, "काका, दावाही नको. नवऱ्याची किंमत कोण करणार? रक्ताचे पैसे घेऊन मी पोरांना काय सांगू?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण ती जे बोलली ते आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवत होतो! कांट म्हणतो, जगात काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा असते. ज्याच्या जागी तोलामोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा. माणूस दुसऱ्या वर्गात मोडतो. बाईंनी कांट वाचलेला नव्हता, पण मुद्दा नेमका तोच होता.

मग आम्ही विचार करायला लागलो, की माणूस अमूल्य आहे हे तत्त्व कायद्याने खरोखर पाळले तर काय होईल? हे इतिहासात घडून गेलेले आहे. १८०८ साली इंग्लंडमध्ये एका घोडागाडीला अपघात झाला. एक जोडपे त्यात होते. नवऱ्याला खरचटले, बायको महिनाभर अंथरुणाला खिळून वारली. नवऱ्याने दावा लावला. न्यायाधीश होते लॉर्ड एलेनबरो. त्यांनी ज्यूरीला सांगितले की दिवाणी न्यायालयात माणसाच्या मृत्यूबद्दल नुकसान म्हणून दाद मागता येत नाही. त्यामुळे नवऱ्याला स्वतःच्या जखमांचे मिळाले आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांच्या तिच्या सहवासाचे मिळाले. शंभर पौंड. ती मेल्यानंतरच्या काळाचे काही नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गाडीवाल्याच्या दृष्टीने प्रवाशाला लंगडे करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त झाले. जीव अमूल्य, म्हणून त्याचे मोल करायचे नाही. आणि मोल करायचे नाही, म्हणून हिशेबात तो शून्य. अमूल्य आणि फुकट यांच्यात असे फारसे अंतर राहत नाही.

रेल्वे आली, माणसे घाऊक मरू लागली, तेव्हा हा नियम टिकणे शक्य नव्हते. १८४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून मृताच्या बायकामुलांना दाद मागायचा हक्क दिला. (त्याच वर्षी तिथली आणखी एक जुनी प्रथा बंद झाली: ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, म्हणजे चाक असो, बैल असो, सरकारजमा करायची किंवा तिच्या किमतीइतका दंड घ्यायचा. गंमत अशी की तो दंड घरच्यांना मिळत नसे.) नऊ वर्षांनी, १८५५ मध्ये, तसाच प्राणांतिक अपघातांचा कायदा हिंदुस्थानात आला. तो आजही पुस्तकात आहे. रस्त्यावरच्या अपघातांसाठी मात्र आता आपण जातो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याकडे आणि त्याखालच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे.

इथे न्यायाधिकरण काय मोजते हे पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. ते माणूस मोजत नाही. तो माणूस घरात जे आणून टाकत होता, ते मोजते. कायद्याच्या भाषेत याला अवलंबितांचे नुकसान म्हणतात. २००९ च्या 'सरला वर्मा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची रीत घालून दिली आणि २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'प्रणय सेठी' निकालात ती पक्की केली. फळ्यावर गणित मांडू.

समजा माणूस ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याला २०,००० रुपये कमाई. पुढे कमाई वाढलीच असती, म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याला ४० टक्के वाढ धरतात. पक्की नोकरी असेल तर ५० टक्के. झाले २८,०००. यातून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा. मागे चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर एक चतुर्थांश, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. आपल्या उदाहरणात बायको, दोन मुलं, आई म्हणजे चार, तेव्हा उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. १५ ते २५ वयाला १८, पुढे तो उतरत जातो, ३१ ते ३५ ला १६, पासष्टीनंतर ५. म्हणजे ४०,३२,०००. शिवाय अंत्यसंस्काराचे १५,०००, मालमत्तेच्या नुकसानीचे १५,०००, आणि सहवास गमावल्याबद्दल ४०,०००. या तीन रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायच्या आहेत. सहवासाची रक्कम फक्त पतीपत्नीला नव्हे. मुलांना आणि आईवडिलांनाही ती मिळते, असे २०१८ च्या निकालाने स्पष्ट केले.

आता तिथे आलेले तीन लाख आणि हे चाळीस लाख शेजारी शेजारी ठेवा. "किंमत करायची नाही" या आपल्या उदात्त भावनेचा फायदा नेमका कोणाला होतो, ते आम्ही वेगळे सांगत नाही.

पण गणित मांडले की तत्त्वज्ञानाच्या माणसाला दुसरा काटा टोचतो. याच वयाचा, एवढेच कुटुंब असलेला मजूर महिन्याला ९,००० मिळवत असेल तर हाच हिशेब १८,१४,४०० वर येतो. पक्क्या नोकरीतला एक लाख पगाराचा माणूस असेल तर प्राप्तिकर वजा करण्याआधी २ कोटी १६ लाख. एकाच ट्रकखाली, एकाच क्षणी गेलेली दोन माणसे! हे न्याय्य कसे?

ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार केले आहेत. एक वाटपाचा न्याय: कोणाला किती असावे. दुसरा दुरुस्तीचा न्याय: एकाने दुसऱ्याचे बिघडवले, ते पूर्ववत करायचे. न्यायाधिकरण दुसऱ्या प्रकारात बसते. ते म्हणते, अपघाताच्या आदल्या दिवशी हे घर जिथे उभे होते तिथे पैशापुरते आम्ही ते परत नेऊन ठेवतो. आदल्या दिवशीच ते घर गरीब होते, ही तक्रार त्याच्याकडे नाही. उत्तर तर्काला धरून आहे. पण आम्हाला ते पुरते पटत नाही, कारण समाजातली विषमता अशा रीतीने माणसाच्या मरणावरही शिक्का मारून जाते. सहवासाची रक्कम मात्र मजुराच्या विधवेला आणि अधिकाऱ्याच्या विधवेला सारखीच, हे आम्हाला विशेष वाटते. दुःखापुरते कायद्याने सर्वांना समान मानले आहे. रेल्वेत तर सगळीच रक्कम सारखी आहे. गाडीतून पडून वा रेल्वे अपघातात प्रवासी गेला तर २०१७ पासून ८ लाख, पगार कोणी विचारत नाही. मुंबईच्या लोकलमधून पडलेल्यांच्या घरच्यांना "खिशात तिकीट सापडले नाही" म्हणून हाकलले जात असे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तेवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही.

यापेक्षा कठीण प्रश्न घरातल्या बाईचा. ती गेली तर उत्पन्न किती बुडाले? जुन्या परिशिष्टात उत्तर होते, नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. म्हणजे तीच बाई, तोच स्वयंपाक, तीच सासूसासऱ्यांची सेवा. नवरा बदलला की मोल बदलले! २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० धरले. २०१० च्या एका निकालात तर न्यायमूर्तींना हे नोंदवावे लागले की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर बिनकामाच्या रकान्यात टाकले आहे. २०२१ च्या 'कीर्ती' निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीतला आकडा दिला: बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. आणि तिच्याही मानीव उत्पन्नात भावी वाढ धरायची, असे त्या निकालाने ठरवले. आमच्या आईने पन्नास वर्षे चूल सांभाळली. तिच्या कामात 'भावी वाढ' असते हे आम्हाला एका अपघाताच्या निकालाने शिकवावे, याची थोडी लाज वाटते.

जो मेला नाही, जायबंदी झाला, त्याच्याबाबत एकच सांगतो. डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या निकालातले उदाहरण चांगले आहे. डावा हात गेला तर अपंगत्व समजा ६० टक्के. पण सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित राहतेही. तेव्हा दाखला हातात घेऊन स्वस्थ बसू नका. आपण काय काम करत होतो आणि आता काय करता येत नाही, ते सविस्तर मांडा.

आता व्यवहाराचे. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये. सुतक, वर्षश्राद्ध, "सावकाश बघू" यात सहा महिने कसे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दावा जिथे अपघात झाला तिथेच लावावा लागतो असा गैरसमज आहे. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. साताऱ्याच्या माणसाला सुरतेत अपघात झाला तर सुरतेच्या खेपा घालायला नकोत. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, असा आता नियम आहे. तो गेला का, हे जाऊन विचारा. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा पुरावा, कमाईचा पुरावा, हे जमवा. कमाईचा कागद नसला तर न्यायाधिकरणे बहुधा किमान वेतनावर येऊन थांबतात, म्हणून वायरमनच्या वहीतली कामांची नोंद, मालाच्या पावत्या, बँकेचे पासबुक, काही फेकू नका. ट्रकवाला फौजदारीत सुटला म्हणून दावा बुडत नाही. तिथे निःसंशय सिद्ध करावे लागते, इथे जे अधिक संभवते तेवढे दाखवले की पुरते.

आणि एक सापळा. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळण्याची सोय कायद्यात आहे. चांगली सोय आहे. पण विमा कंपनीशी तडजोड करून ती रक्कम एकदा स्वीकारली, की पूर्ण भरपाईचा दावा संपतो. लोकअदालतीत तडजोड करायलाही हरकत नाही, लवकर सुटका होते. फक्त आधी कागदावर वरचे गणित करा, आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नका.

आमच्या शेजारणीला आम्ही एवढेच म्हणालो, "अगं, ते तुझ्या नवऱ्याचे मोल करणार नाहीत. तो दर महिन्याला मुलांसाठी जे आणत होता, ते ज्याने थांबवले त्याने द्यायचे, इतकाच हिशेब आहे. तो हक्क पोरांचा आहे, तू सोडून देऊ शकत नाहीस." तिने दोन दिवसांनी वहीचे गाठोडे आणून दिले. निकाल लागायला चार वर्षे गेली. मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत घातला, दावा दाखल केल्याच्या तारखेपासूनचे व्याज मिळाले.

निकालाची प्रत घेऊन ती आमच्याकडे आली होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे सोळा कुठून आले?" आम्ही तिला तक्ता दाखवला, तिशीपर्यंत सतरा, एकतिसापासून सोळा. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा वाढदिवस अपघाताच्या महिनाभर आधी झाला होता. एकतिसावं पूर्ण झालं होतं. नाहीतर सतरा लागले असते ना?" आम्ही म्हटले, हो.

बरं, आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.