सरकारी रोख्यांचा परतावा वर-खाली का होतो?

धरण बांधायला दगड, माती, सिमेंट आणि माणसे लागतात हे तुम्ही भूगोलात शिकता. पण त्याआधी पैसा लागतो, आणि तो एकदम लागतो. धरणाचे पाणी मात्र पुढे पन्नास-शंभर वर्षे मिळत राहते. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले राधानगरी धरण थांबत थांबत स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आज खर्च आणि पुढे लाभ अशी ज्या कामांची तऱ्हा असते, त्या कामांसाठी सरकारे कर्ज काढतात.

असे कर्ज काढण्याचा एक प्रसंग आपल्याच नदीखोऱ्यातला आहे. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल, अशी तरतूद त्या निवाड्यात होती. तोवर आपल्या हिश्शाचे पाणी अडवले नाही तर पुढे अडचण येईल अशी धास्ती होती, आणि राज्याच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. तेव्हा १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. राज्य सरकारच्या हमीवर त्याने कर्जरोखे विकले आणि धरणे-कालव्यांसाठी पैसा उभा केला. त्या काळी केंद्र सरकारलासुद्धा दहा वर्षांच्या कर्जाला १४ टक्क्यांच्या आसपास व्याज द्यावे लागत होते. महामंडळाचे रोखे केंद्राचे नव्हते, त्यांना फक्त राज्याची हमी होती. त्यामुळे व्याज दोन अंकी असणार हे ठरलेलेच होते.

आता गंमत पहा. अवघ्या सात-आठ वर्षांत, २००३ च्या अखेरीस, केंद्र सरकारला तेवढ्याच मुदतीचे कर्ज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. म्हणजे १०० कोटी रुपयांच्या कर्जावर वर्षाला १४ कोटी व्याज द्यायचे की सव्वापाच कोटी, हे केवळ कर्ज कोणत्या साली काढले यावर ठरले! फरक पावणेनऊ कोटींचा. तेवढ्यात किती शाळाखोल्या बांधून होतील याचा हिशेब तुमच्या मुख्याध्यापकांना विचारा. महागडी कर्जे राज्यांना इतकी जड झाली की २००२ ते २००५ या काळात केंद्राकडून १३ टक्के किंवा त्याहून अधिक दराने घेतलेली जुनी कर्जे स्वस्त कर्ज काढून फेडून टाकण्याची खास योजना आखावी लागली.

हा दर एवढा हलतो कसा? त्यासाठी आधी रोखा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

रोखा म्हणजे सरकारने लिहून दिलेले वचन. समजा, तुम्ही १०,००० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, १० वर्षे मुदतीचा रोखा घेतला. सरकार तुम्हाला दर वर्षी ७०० रुपये देणार आणि दहाव्या वर्षाच्या शेवटी मूळ १०,००० परत करणार. (खरे तर व्याज सहा-सहा महिन्यांनी ३५० रुपये असे मिळते. आपण सोयीसाठी वर्षाचे धरू.) या ठरलेल्या व्याजाला 'कूपन' म्हणतात. जगात पूर्वी पुष्कळ ठिकाणी रोख्याच्या कागदाला चिठ्ठ्या जोडलेल्या असत. एक एक कापून द्यायची आणि व्याज घ्यायचे. चिठ्ठ्या गेल्या, नाव राहिले. आपल्याकडे हे रोखे रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने विकते आणि त्यांची नोंद संगणकावर असते.

रोखा दहा वर्षे जवळ ठेवलाच पाहिजे असे नाही. तो बाजारात दुसऱ्याला विकता येतो. सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

समजा, तुम्ही रोखा घेतलात आणि लगेच बाजारातला व्याजदर वाढला. सरकारने नवा रोखा ८ टक्क्यांनी काढला. आता तुमचा ७ टक्क्यांचा रोखा पूर्ण १०,००० देऊन कोण घेईल? तेवढ्याच पैशात नव्या रोख्यावर ८०० रुपये मिळतात, तुमच्यावर ७००. कूपन तर बदलता येत नाही, ते छापून गेले! मग बदलते ती किंमत. तुम्हाला रोखा स्वस्तात द्यावा लागतो. किती स्वस्तात? हिशेब केला तर ९,३२९ रुपये येतात. घेणाऱ्याने ९,३२९ दिले, त्याला वर्षाला ७०० मिळाले. हे झाले साडेसात टक्के. शिवाय मुदतीअंती त्याला १०,००० मिळणार, म्हणजे ६७१ रुपये वरकड. ही वरकड रक्कम दहा वर्षांवर चक्रवाढीने पसरली की एकूण मिळकत बरोबर ८ टक्के पडते. या एकूण मिळकतीच्या दराला 'परतावा' म्हणायचे. व्याजदर उलट ६ टक्क्यांवर उतरला असता तर तुमच्या रोख्याला १०,७३६ रुपये आले असते.

म्हणजे किंमत आणि परतावा ही सी-सॉच्या फळीची दोन टोके आहेत. एक वर गेले की दुसरे खाली. वर्तमानपत्रात 'रोख्यांचा परतावा वाढला' असे वाचून पुष्कळांना वाटते की रोखेवाल्यांची चंगळ झाली. ज्याच्याजवळ जुना रोखा आहे त्याचे त्या दिवशी नुकसानच झालेले असते.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही तरफ शिकलात. टेकूपासून जितके लांब जावे तितके टोक जास्त हलते. रोख्यांचेही असेच आहे. येथे लांबी म्हणजे उरलेली मुदत. तोच ७ टक्क्यांचा रोखा घ्या आणि दर ८ टक्के होऊ द्या. मुदतीला एकच वर्ष उरले असेल तर किंमत ९,९०७ रुपये, नुकसान अवघे ९३. दहा वर्षे उरली असतील तर नुकसान ६७१. तीस वर्षे उरली असतील तर किंमत ८,८७४, म्हणजे नुकसान १,१२६ रुपयांचे. दर तेवढाच हलला, पण लांब टोकावर बसलेला जास्त आपटला.

आता दर कशाने हलतो ते पाहू. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. रव्यांची थप्पी लागते, व्यापारी बोली करतात, आवक जास्त झाली की भाव उतरतो. रोख्यांचेही लिलावच होतात. केंद्र सरकारच्या रोख्यांचा लिलाव बहुधा शुक्रवारी असतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या रोख्यांचा बहुधा मंगळवारी. बोली लावणारे असतात बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी आणि काही परदेशी गुंतवणूकदार. १९९२ पूर्वी असे लिलाव नव्हते. कर्जाचा दर सरकारच ठरवी आणि बँकांना कायद्यानेच ते रोखे घ्यावे लागत. तेव्हाचा दर हा बाजाराचा भाव नव्हता, तो हुकूम होता.

सरकारची तूट वाढली की रोख्यांची आवक वाढते. मग किंमत उतरते आणि परतावा चढतो. २००९ साल याचे चांगले उदाहरण आहे. जागतिक मंदीतून बाहेर पडण्यासाठी रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे देते तो दर, एप्रिल २००९ मध्ये ४.७५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. तरीही दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा वर्ष संपता संपता सात टक्क्यांच्या वर गेला होता. सरकारने खर्चासाठी प्रचंड कर्ज काढले होते आणि बाजारात रोखेच रोखे झाले होते.

दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक वाढले तर? ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. तुमचे आईवडील रांगेत उभे राहिले असतील. लोकांच्या घरातला पैसा बँकांत येऊन पडला. (जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना मात्र १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली.) एवढा पैसा एकदम कर्जाऊ कोणाला देणार? बँकांनी रोखे घेतले. परतावा सुमारे ६.८ टक्क्यांवरून त्याच महिन्यात ६.३ च्याही खाली घसरला.

पण सर्वांत मोठी चालक म्हणजे महागाई. रोख्याचे व्याज ठरावीक रुपयांत मिळते. त्या ७०० रुपयांत दहा वर्षांनी किती गूळ आणि किती ज्वारी येईल हे घेणाऱ्याला आधीच आजमावावे लागते. महागाई वाढणार असे वाटले की तो जास्त परतावा मागतो, म्हणजेच कमी किंमत देतो. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के झाली होती. तो आकडा जाहीर होण्यापूर्वीच, ४ मे २०२२ ला, रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. त्या एका दिवसात दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा ७.१ वरून ७.४ च्या जवळ गेला. 'नुसता शून्य पूर्णांक तीन' असे म्हणून सोडून देऊ नका. वरचा तरफेचा हिशेब लावा. हजारो कोटींचे रोखे बाळगणाऱ्या बँकेला एवढा फरकही चांगलाच जाणवतो.

परदेशातल्या घडामोडीही येऊन धडकतात. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले होते आणि आपला परतावा नऊ टक्क्यांच्या वर होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, तेल कोसळले, रिझर्व्ह बँकेने दर भराभर उतरवले, आणि डिसेंबर संपेपर्यंत तो साडेपाचच्या खाली आला. २०१३ मध्ये उलट झाले. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखे खरेदी आवरती घेणार अशी नुसती कुणकुण मे महिन्यात लागली. परदेशी पैसा भारतातून निघाला, रुपया घसरला, आणि ऑगस्टपर्यंत परतावा पुन्हा नऊच्या वर गेला.

तुम्ही म्हणाल, मग रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवला की परतावा उतरणारच. नेहमी नाही! जून २०२५ मध्ये तिने हा दर एकदम अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० केला. पण यापुढे आणखी कपातीला फारसा वाव नाही असेही त्याच वेळी सुचवले. लोकांनी दुसरे वाक्य जास्त मनावर घेतले, आणि पुढच्या तीन महिन्यांत परतावा उतरण्याऐवजी चढला. दहा वर्षांचा रोखा घेणारा पुढच्या दहा वर्षांकडे पाहत असतो. आजची बातमी त्याने बहुधा कालच हिशेबात धरलेली असते. माझ्या मते या विषयातली कठीण आणि म्हणूनच मजेची गोष्ट हीच.

यात तुमचा-आमचा संबंध काय? कोल्हापुरात पेठेपेठेत सहकारी बँकांच्या पाट्या दिसतात. रत्नाकर बँकेसारखी बँकही १९४३ साली याच शहरात सुरू झाली. कायद्याप्रमाणे प्रत्येक बँकेला ठेवींच्या मानाने एक हिस्सा रोख, सोने किंवा सरकारी रोखे अशा भरवशाच्या स्वरूपात ठेवावा लागतो. हा हिस्सा २०२० पासून १८ टक्के आहे. नव्वदीच्या सुरुवातीला तो ३८.५ टक्के होता. म्हणजे तुमच्या आजीने बँकेत ठेवलेल्या १०० रुपयांपैकी १८ रुपये बहुतांशी सरकारलाच कर्जाऊ दिलेले असतात. सरकार रुपयांत काढलेले कर्ज बुडवील अशी भीती नाही. तरी किंमत हलण्याचा धोका उरतोच. बँकेने रोखा मुदतीपर्यंत सांभाळला तर पूर्ण पैसे मिळतात. पण ठेवीदार एकाएकी पैसे मागायला आले आणि रोखे मध्येच विकावे लागले तर?

हे घडले आहे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने दर शून्याजवळ असताना लांब मुदतीचे भरवशाचे रोखे भरून ठेवले. मार्च २०२२ पासून तिकडच्या मध्यवर्ती बँकेने दर वेगाने चढवले आणि रोख्यांच्या किमती पडल्या. मार्च २०२३ मध्ये बँकेने काही रोखे विकून १.८ अब्ज डॉलर नुकसान सोसल्याचे जाहीर केले, ठेवीदार घाबरून पैसे काढू लागले, आणि १० मार्चला ती बंद पडली. रोख्यांत एकही खोटा नव्हता. चूक झाली ती मुदतीच्या हिशेबात. आपल्याकडे ठेवीदाराला दर बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे.

नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसालाही थेट खाते उघडून रोखे घेण्याची सोय केली आहे. किमान १०,००० रुपये लागतात. तुम्हाला मात्र त्याआधी कागद-पेन्सिल पुरे. दर वर्षाच्या ७०० रुपयांना १.०८ च्या त्या त्या घाताने भागा, शेवटच्या वर्षी १०,००० मिळवून भागा आणि सगळ्यांची बेरीज करा. दोन वर्षांच्या रोख्याला ९,८२२ रुपये आले पाहिजेत. तेवढे जमले की १.०८ च्या जागी १.०९ घालून दहा वर्षांचे उत्तर काढा, आणि ७ चे ८ होताना किंमत जेवढी पडली तेवढीच ८ चे ९ होताना पडते का, की थोडी कमी, ते वर्गात पडताळून पहा.